दोनशे चौदा बिननावाचे

लाँचची संध्याकाळची सहाची फेरी बंद होणार, अशी नोटीस धक्क्यावरच्या फळ्यावर लागली आणि महेरुन्निसानं ती थेट तळापर्यंत वाचून काढली. तिची लेक झोया खाडीपल्याडच्या नर्सिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेज पाचला सुटायचं. सहाची लाँच नसली की घरी यायला उरायचा सत्तर किलोमीटरचा वळसा, आणि त्या वाटेला संध्याकाळी एसटी फिरकतही नसे. फेरी बंद म्हणजे झोयाचं कॉलेज बंद.

नोटिशीच्या तळाशी सरकारनं एक मेहेरबानी केली होती. किमान शंभर जणांची मागणी आल्यास फेरविचार होईल. मात्र यादी कागदावर चालणार नाही, कारण फेऱ्यांचा कारभार बघणारी खाडीपल्याडची कचेरी आता डिजिटल झाली होती. साधी टेक्स्ट फाईल हवी, एका ओळीत एक नाव. कचेरीचं छप्पर गळत होतं ते गळतच होतं, पण डिजिटल झाली होती हे खरं.

महेरुन्निसानं चार दिवसांत अख्खा मोहल्ला आणि मागची शेतकऱ्यांची आळी पालथी घातली. भातशेती करणारा कोंडाजी म्हणाला, "माजी सून पन त्याच लाँचीनं येते. लिव माजं नाव पयलं." दोनशे चौदा नावं झाली. ती तिनं सौदीत दम्मामला भाच्याला, फैझानला पाठवली. तो तिथं एका कंपनीत मोठमोठे कॉम्प्युटर सांभाळायचा. त्यानं अर्ध्या तासात फाईल करून कचेरीला धाडली.

आठ दिवसांनी कचेरीचं उत्तर आलं. "अर्जदार संख्या : एक. अर्जदाराचे नाव प्रमाणाबाहेर लांब आहे. आधार कार्डाप्रमाणे लिहावे."

ती कोंडाजीला घेऊन तडक कचेरीत गेली. हरेश्वर क्लार्कनं कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. सगळी नावं एकमेकांना चिकटून एकाच ओळीत लांबच लांब गेली होती.

"चाची, हा मानूस कोन?" हरेश्वरनं विचारलं.

"अरे भाऊ, तो मानूस न्हाय, आमचा गाव हाय!"

"कॉम्प्युटर ओळी मोजतो, चाची. गाव मोजत न्हाय."

"आनि हा कोंडाजी? हा तुज्यासमोर उभा हाय तो?"

हरेश्वरनं कोंडाजीकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं, आणि पडद्यावर विश्वास ठेवला.

फैझाननं फोनवर उलगडा केला. "फुफी, ओळ संपली हे सांगायला आमचा कॉम्प्युटर एकच खूण करतो. कचेरीतल्या जुन्याला दोन लागतात. एक ओळीच्या सुरवातीला मागं फिरायची, एक खाली उतरायची."

"सरकारी हाय ना बाबा, एका सहीनं कुटं भागतं?" महेरुन्निसा म्हणाली. फैझाननं प्रत्येक ओळीला दुसरी खूण जोडून फाईल तिच्याकडे पाठवली.

इथवर सगळं ठीक होतं. पण मधल्या काळात तिनं नाक्यावरच्या कॉम्प्युटर सेंटरवाल्या ओंकारलाही गळ घातली होती. आता त्याला 'काम झालं, तू राहू दे' म्हणावं, तर पोरगा नाराज होणार. रोजचं येणंजाणं, दारासमोरचं दुकान. आपल्याकडे माणूस बुडाला तरी चालेल, पण शेजाऱ्याचं मन मोडता कामा नये. तिनं फैझानची सुधारलेली फाईल काही न बोलता ओंकारच्या हाती दिली. ओंकारनंही फार काही न विचारता चोख काम केलं आणि प्रत्येक ओळीला वर आणखी एक खूण ठोकून फाईल कचेरीला धाडली. दोन वैद्यांनी एकाच दुखण्यावर औषध द्यावं, तसं झालं.

कचेरीचं दुसरं उत्तर आलं. "अर्जदार संख्या : चारशे अठ्ठावीस. पैकी दोनशे चौदा अर्जदार निनावी आढळतात. सर्वांनी पडताळणीसाठी समक्ष हजर राहावे."

त्या जादा खुणेनं आता प्रत्येक नावाखाली एक कोरी ओळ आली होती, आणि कचेरीच्या लेखी कोरी ओळ हासुद्धा एक इसम होता.

सुनावणीला निम्मा गाव खाडी ओलांडून गेला. साहेब खुर्चीत बसले. हरेश्वर यादीबरहुकूम पुकारा करू लागला. "कोंडाजी!" कोंडाजी उठला, अंगठा देऊन बसला. मग हरेश्वरनं खालच्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि नियमाप्रमाणे तीनदा हाक दिली, "निनावी अर्जदार क्रमांक दोन हजर आहे काय? हजर आहे काय? हजर आहे काय?" प्रत्येक हाकेनंतर अर्धा मिनिट थांबायचं, असंही नियमात होतं. साहेब दाराकडे बघत राहिले. कुणी आलं नाही. "गैरहजर. पुढील तारखेस पुन्हा पुकारावे," साहेबांनी लिहून घेतलं.

पहिल्यांदा लोक हसले, मग जांभया देऊ लागले. साडेपाच वाजले तरी गाडी चाळिसाव्या अर्जदारावरच होती. महेरुन्निसाला हसू येत नव्हतं. फेरीचा शेवटचा आठवडा होता, आणि हा मनुष्य हवेला हाका मारत बसला होता. ती संतापानं रडायच्या बेतात आली होती. ती उठली.

"साहेब, एक विचारू? हे बिननावाचे पुढल्या तारखेला येनार ना?"

"यावंच लागेल. त्याशिवाय प्रकरण निकाली निघत नाही."

"आनि सुनावनी अशीच सहापर्यंत चालनार?"

"चालणारच."

"मग सहाची फेरी बंद झाल्यावर ते बिचारे परत कसे जानार? उद्या ते म्हनतील, आमाला परतीची सोय न्हवती म्हनून आलो न्हाय. जबाबदार कोन?"

साहेबांचा चेहरा उतरला. झोयाच्या कॉलेजनं त्यांना घाम फुटला नसता, पण 'जबाबदार कोण' हे दोन शब्द त्यांच्या वर्मी लागले. त्यांनी हरेश्वरला जवळ बोलावलं आणि हलक्या आवाजात मजकूर सांगितला. हरेश्वरनं तो टाइप करून, शिक्का मारून वाचून दाखवला. "दोनशे चौदा निनावी अर्जदारांची समक्ष पडताळणी पूर्ण होईपर्यंत संध्याकाळी सहाची फेरी नियमित चालू ठेवण्यात यावी."

धक्क्यावर कॉलेजहून आलेली झोया वाट बघत उभी होती. महेरुन्निसानं तिच्या हातात आदेश दिला. झोयानं दोनदा वाचला आणि घाबरून विचारलं, "अम्मी, आनि ते लोक सापडले तर?"

महेरुन्निसानं तिथंच दोन्ही हात वर केले. "या अल्ला," ती मनापासून म्हणाली, "त्यांच्यातल्या एकालाबी कदी नाव मिळू देऊ नकोस."