पुठ्ठ्याच्या पडद्याआड

"मम्मी कुणाच्या फोटोसमोर खूण करते, तेवढं बघ. आपला माणूस दाढीवाला. समजलं?" व्हीलचेअर ट्रेसीच्या हातात देत अजीजने बजावलं.

"सर, आत बघायला देतील का?"

"तू तिची नर्स आहेस. बघ, एवढंच."

दुबईतल्या लेबनॉनच्या वकिलातीबाहेर मे महिन्याच्या उन्हात परदेशातून मत देणाऱ्या लेबनीज मतदारांची रांग लागली होती. वसईची ट्रेसी शारजातल्या अल नहदा भागात अजीजच्या फ्लॅटवर राहून त्याच्या आईला, खतीजा मॅडमना सांभाळायची. तिचा व्हिसा अजीजच्या हातात होता. त्याला दुखवणं परवडणारं नव्हतं.

रांगेतही घोळके धर्माप्रमाणे पडले होते. लेबनॉनमधलं यादवी युद्ध संपून तीस वर्षं उलटली, तरी आडनाव ऐकलं की माणसं मान वळवत. त्या युद्धात रस्ता अडवून बसलेल्या ख्रिस्ती बंदूकधाऱ्यांनी अजीजच्या वडिलांना ओळखपत्रावरचा धर्म बघून गाडीतून उतरवलं होतं. ते परतलेच नाहीत. तेव्हापासून अजीजच्या लेखी निवडणूक म्हणजे आपली माणसं किती, हे दाखवणं. ट्रेसीला त्यात वावगं वाटत नव्हतं. वसईला तीही नवरा सांगेल तेच बटण दाबायची.

आत पुठ्ठ्याच्या पडद्याआड खुर्ची लावून ती पाठमोरी उभी राहिली. इतक्यात मॅडमचं पेन पडलं. ते उचलून देताना तिला दिसलं. मॅडमचा हात दाढीवाल्याला ओलांडून एका तरुण बाईच्या फोटोपाशी थांबला. बाईच्या गळ्यात क्रॉस होता.

ट्रेसी वाकून कुजबुजली. "मॅडम, सर चिडतील."

"दाढीवालाही तेव्हा असेच रस्ते अडवायचा," खतीजा पुटपुटली. "त्याने उतरवलेल्यांच्याही बायका वाट बघत बसल्या. पण अजीजचा बाप गेल्यावर पोराच्या शाळेचा खर्च केला तो ह्या दाढीवाल्यानेच. मी पोराला कसं सांगू?"

तिने खूण केली.

बाहेर अजीज वाटच बघत होता. "बरोबर केलं ना तिने?"

"मत मॅडमचं आहे, सर. मी नाही सांगणार."

"उद्या घरी जायचं तिकीट काढून देऊ तुला?"

माणसं वळून बघू लागली.

"तिच्यावर ओरडू नकोस," खतीजा म्हणाली. "मी त्याला नाही दिलं. त्या मुलीला दिलं."

"कुठल्या मुलीला?"

तिने नाव सांगितलं. आडनाव ऐकून अजीजचा चेहरा उतरला.

घरी परतताना शारजाच्या रस्त्यावर त्याने अचानक गाडी बाजूला घेतली, उतरला आणि कठड्यापाशी जाऊन उभा राहिला.

"त्याला पाणी नेऊन दे," खतीजा म्हणाली.

ट्रेसीने बाटली पुढे केली. त्याने ती न बघताच घेतली, पण उघडली नाही. एसी गाडीत परत जाऊन बसणं ट्रेसीच्या जिवावर आलं. थोडं अंतर राखून तीही उन्हात उभी राहिली.