शिलकी लोकरीचा पोपट

मी पोपट बोलतोय. पोपटाने बोलावं यात नवल काही नाही. पण मी खाकी लोकरीचा, आणि खरं सांगायचं तर आता पोपटही राहिलेलो नाही. ते कसं झालं हे ऐकायला सवड असेल तर बसा.

माझा जन्म सांगलीच्या गावभागात, वकील विष्णुपंतांच्या घरी झाला. तेव्हा जर्मनांशी लढाई जुंपलेली होती. आपल्याकडचे कितीतरी शिपाई परमुलखात थंडीने कुडकुडत होते. त्यांच्यासाठी पायमोजे विणायला गावातल्या बायकांना खाकी लोकरीचे गठ्ठे मिळायचे. विष्णुपंतांच्या पत्नी विनोदिनीबाई भगिनी मंडळाच्या अध्यक्षा, म्हणून गठ्ठे त्यांच्याच माजघरात उतरत. पहिल्या वर्षी बायकांनी मन लावून गुडघ्यापर्यंतचे मोजे विणले. सगळं झाल्यावर लोकरीचा एक गुंडा उरला.

त्या गुंड्यानेच घात केला. तो कुणाला टाकवेना. विनोदिनीबाईंनी त्याची चहाच्या किटलीला टोपी विणली, चहा गरम राहावा म्हणून. जी ती बाई टोपी बघायला येऊ लागली. मग मंडळात ठराव झाला, की चैत्रातल्या हळदीकुंकवाला उरल्यासुरल्या लोकरीच्या कलाकुसरीचं प्रदर्शन भरवायचं आणि पहिल्या नंबराला चांदीचा करंडा द्यायचा.

आता नंबर यायचा तर वस्तू ठसठशीत हवी, आणि वस्तू ठसठशीत व्हायची तर लोकर भरपूर उरायला हवी. मग ती उरू लागली. गुडघ्यापर्यंतचे मोजे पोटरीवर आले, पोटरीवरून घोट्यावर उतरले. "शिपाई चालतात फार. उंच मोजा मेला सारखा गळतो," असं मंडळाच्या खजिनदारीणबाईंनी सांगितलं आणि ते सगळ्यांना पटलं. बायका वाईट नव्हत्या हो. शिपायांचं बोलणं निघालं की त्यांचे डोळे खरंच भरून यायचे. लोकर मोजताना मात्र हात आखडायचा.

मला विणलं विनोदिनीबाईंच्या सुनेने, शरयूने. ती माहेरची वाईची, हाताने मोठी कसबी. विणायचं तिने आणि नाव सासूबाईंचं, ही घरची रीत.

"आई, एवढी लोकर पोपटात गेली तर मोज्यांना कमी पडेल," ती म्हणाली.

"अगं, उरलेलीच तर वापरतोय आपण," विनोदिनीबाई म्हणाल्या.

मोजे अजून विणायचेच होते. उरलेली लोकर आधी बाजूला काढायची आणि राहिलेल्या लोकरीचे मोजे करायचे, असा तो हिशेब होता. माझ्या डोळ्यांसाठी शिलकी बटणं मिळेनात, तेव्हा विष्णुपंतांच्या कोर्टात घालायच्या कोटाची खालची दोन बटणं शिलकी ठरली. बिचारे वकीलसाहेब पुढे कित्येक महिने पोटावर हात धरून खटले चालवत होते. चोच लाल हवी म्हणून शरयूच्या नव्या खणाचा कोपराही उरला.

प्रदर्शनात खाकी कमळ होतं, खाकी गणपती होता, खजिनदारीणबाईंचा खाकी हत्ती होता. पहिला नंबर माझा आला. करंड्याशेजारी बैठकीतल्या काचेच्या कपाटात मी जाऊन बसलो. खोटं कशाला बोलू, मी फार फुगलो होतो.

दसरा झाला आणि कुंडलहून मनुबाई आली. विष्णुपंतांची तिथली जमीन ती वाट्याने करायची. दर वर्षी शेंगा घेऊन एकटी यायची. यंदा बरोबर तिचा लेक आकाराम होता, इटलीच्या लढाईवरून रजेवर आलेला. ओसरीवर टेकून त्याने बूट काढले, तेव्हा कपाटातून मला त्याचा उजवा पाय दिसला. पायाची दोन बोटं काळीनिळी पडली होती.

"बरफ लय वंगाळ बगा, बाईसाहेब," मनुबाई म्हणाली. "मोजं घोट्यापत्तुर. वरनं बुटात बरफ शिरतंय. ती दोन बोटं हालतबी न्हाईत. औंदाच्या थंडीला जपलं न्हाई तर कापावी लागतील, आसं डाक्टर म्हनला. आन् ऐतवारी त्येला परत जायाचं हाय. तुमी मोजं इणताय म्हनं. एक जोड द्या की गुडग्यापत्तुर. दुसरं कायबी मागत न्हाई."

विनोदिनीबाई माजघरात गेल्या. गठ्ठे संपले होते, नवे आले नव्हते. त्या बाहेर आल्या, कपाट उघडलं आणि मला उचललं.

"हे घे. पहिला नंबर आलाय याला. तुझ्या शूर मुलाला आमच्या मंडळाची भेट."

मनुबाईने मला उलटं केलं, सुलटं केलं. आत मोजे असतील असं तिला वाटलं असावं. शेवटी तिने माझं पोट दाबून पाहिलं.

"झ्याक हाय," ती हळूच म्हणाली.

"घे की आये," आकाराम हसून म्हणाला. "त्येला कुठं बरफात जायाचंय? त्यो ऱ्हाईल तुझ्याजवळ."

त्या हसण्याने मी शरमलो. चिंध्या भरलेल्या छातीलाही लाज वाटते, हे मला त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात शरयू पुढे झाली. "मनुबाई, याची शेपटी ढिली झालीय. शनिवारी या, नीट करून देते."

दुपारी सासूबाई आडव्या झाल्यावर तिने माझ्या डोळ्यांची बटणं काढून शेजारी ठेवली, शेपटीचं टोक ओढलं आणि मी भराभर उसवत गेलो. दुखलं का? दुखलं. पण करंड्याशेजारी बसून राहण्यापेक्षा ते बरं होतं. माझी लच्छी तिने कोमट पाण्यात भिजवली, सरळ व्हावी म्हणून खाली बत्ता बांधून परसात टांगली आणि वाळल्यावर विणायला घेतली. चांगला गुडघ्यापर्यंतचा मोजा झाला, आणि लोकर संपली. एका पोपटात एकच मोजा निघतो, याचा विचार मंडळात कुणी केला नव्हता.

"शरयू, पोपट कुठाय?" विनोदिनीबाईंनी विचारलं.

"हा काय, आई," म्हणून तिने मला पुढे धरलं. आता सासूबाई घर डोक्यावर घेणार, असं मला वाटलं.

"आणि दुसरा?"

"दुसऱ्याला लोकर नाही."

"अगं, भगिनी मंडळाने शिपायाला एकच मोजा दिला, अशी शोभा करायचीय का आमची?"

त्यांनी तरातरा जाऊन किटलीची टोपी काढली. ती घोट्यापर्यंतही पुरेना, तेव्हा स्वतः खजिनदारीणबाईंकडे जाऊन त्या मंडळाच्या कामासाठी म्हणून हत्ती घेऊन आल्या. हत्ती उसवायला आणि विणायलाही त्याच बसल्या. बऱ्याच वेळाने मान वर न करता त्यांनी विचारलं, "ती बोटं तू नीट पाहिलीस का गं?"

"पाहिली, आई."

विनोदिनीबाईंनी चुकलेली ओळ पुन्हा उसवून नीट विणली.

शनिवारी जोड देताना "मंडळाने खास विणून घेतलेत हो," असं त्या म्हणाल्याच. माझे डोळे विष्णुपंतांच्या कोटावर परत गेले. वकीलसाहेबांचे दोन्ही हात मोकळे झाले.

आता मी आकारामच्या उजव्या पायात आहे आणि मिरजेहून आगगाडी सुटलीय. डाव्या पायात किटलीची टोपी आणि हत्ती आहेत. बायांनो, उरलेल्या लोकरीचे पोपट करा, हत्ती करा, हौसेने करा. पण आधी शिपायाचा गुडघा येऊ द्या.

मला आता डोळे नाहीत, त्यामुळे बाहेरचं काही दिसत नाही. आतलं तेवढं कळतं. ती दोन बोटं मी गच्च धरून बसलोय. मघाशी त्यातलं एक जरासं हललं.