कानात सांगितलेलं नाव

आमची ही, शुभा, अख्ख्या मुलुंडला सल्ले वाटत फिरते, पण कोणी लाडात येऊन "आत्या" म्हटलं की हिची अक्कल गेलीच रजेवर. परवा दुपारी तिच्या भाच्याचा, शौनकचा, व्हॉट्सअॅपवर मेसेज आला. "आत्या, चुकून माझा कोड तुझ्या फोनवर आलाय. सहा आकडे आहेत. पटकन पाठव ना."

कोड खरंच आला होता. खाली बारीक अक्षरात 'कोणालाही देऊ नका' असंही लिहिलं होतं, पण ते वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा सापडत नव्हता.

"अगं पाठव, पोरगं अडलं असेल," मी शहाणपणा केला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. नंबर अनोळखी. "काका, शौनक बोलतोय, ऑफिसातल्या मित्राच्या फोनवरून! माझं व्हॉट्सअॅप कोणीतरी पळवलंय. आत्याला सांगा, माझ्या नावाने कोणी कोड मागितला तर तो तिच्याच व्हॉट्सअॅपचा असतो. दिला की तिचंही गेलं. मग तो तिच्या नावाने सगळ्यांकडे पैसे मागत सुटेल. माझी अशीच वाट लागली!"

मी हे सांगताच शुभाने हातातला फोन खाली ठेवला. तिच्या भजनी मंडळात 'शुभाताईंनी सांगितलंय' म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही. त्या साध्या बायका डोळे मिटून पैसे पाठवतील, आणि नाव बदनाम होणार हिचं.

"पण हा तरी शौनक कशावरून?" ती पुटपुटली. "हल्ली आवाजसुद्धा हुबेहूब काढतात."

मग तिने माझा फोन स्पीकरवर टाकला. "मला सांग, तुझ्या बारशाला मी तुझ्या कानात काय म्हणाले?" हाच प्रश्न तिने आपल्या फोनवर टाइपही केला.

मेसेजवाल्याचं उत्तर लगेच आलं. "शौनक! तूच तर नाव ठेवलंस ना, आत्या. आता कोड पाठव लवकर."

फोनवाला मात्र एवढ्या घाईतही खो खो हसला. "कपाळ सांगणार तू! नाव विसरलीस आणि कानात विचारलंस, 'बाळा, तुझं नाव काय रे?'"

खरंच तसं झालं होतं. आत्याने कानात 'कुर्रर्र' म्हणून नाव सांगायचं आणि बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही आमची रीत. त्या धपाट्यांच्या गडबडीत शुभाला नावच आठवेना. शेवटी पाळण्यावरची पाटी वाचून कोणीतरी ते मोठ्याने सांगून टाकलं. तेव्हापासून दर दिवाळीला सगळे तिची टर उडवतात आणि ती हसून घेते. आत कुठेतरी तिला ते लागतं, हे मला ठाऊक आहे.

तिने मेसेजवाल्याला ब्लॉक केलं आणि नातेवाइकांना, मंडळातल्या बायकांना एकेक फोन लावून सावध केलं.

संध्याकाळी सायबर पोलिसांकडे तक्रार करून शौनक आमच्याकडे आला. त्याने आमच्या दोघांच्या व्हॉट्सअॅपला जादा पिन लावून दिला. तो निघाला तशी शुभाने त्याचा कान धरून त्याला खाली वाकवलं.

"कुर्रर्र," ती म्हणाली. "शौनक."

"हे काय आता?"

"राहिलं होतं रे माझं."

मग मीच पुढे होऊन तिच्या पाठीत एक हलका धपाटा घातला.