कलम अकरा आणि हिनकलचा संगणक

मित्रांनो, म्हैसूरहून हुणसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर हिनकल लागते. तिथे मराठी मंडळींचे एका खोलीचे वाचनालय आहे. मासिकांच्या कपाटाला खेटून जो काळा, जुना संगणक ठेवला आहे, तो मी. माझे वय चौदा. तुमच्यात हे आठवी-नववीत शिकण्याचे वय, पण आमच्यात एवढे जगणारे फार थोडे.

माझा जन्म एका जागी झाला नाही. माझा मेंदू एका देशात घडला, पडदा दुसऱ्या देशात, आणि स्क्रू आवळून मला उभे केले तिसऱ्याच गावी. मला आठवते ती हेब्बाळची एक मोठी कंपनी. तिथे तिसऱ्या मजल्यावर देवश्री नावाची सांगलीची मुलगी माझ्यासमोर बसायची. दिवसभर ती आकड्यांशी झुंजायची आणि जेवायच्या सुट्टीत आईला लांबलचक मराठी पत्रे लिहायची. मराठी अक्षरे मी तिच्याकडून शिकलो. कंपनीने नवे संगणक आणले तेव्हा जुन्यांची रांग भंगारासाठी लागली. देवश्री रविवारी मासिके वाचायला हिनकलला यायची. तिने साहेबांकडे अर्ज केला आणि त्या रांगेतून मला इथे आणले.

या वाचनालयाची माणसे मूळची रंगाऱ्यांची. यांचे पूर्वज कापड रंगवायचे, त्यावर लाकडी ठशांनी वेलबुट्ट्या छापायचे. आता कोणी बँकेत आहे, कोणी शिवणकामात, कोणी बस चालवते. घरात मराठी बोलतात, पण तिच्यात कन्नड असे मिसळलेले की दोन्ही वेगळी काढता येऊ नयेत. वाचनालय सांभाळतात मनोहरराव. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्यांनी चौतीस वर्षे पुस्तके लावली. मला पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते चष्मा पुसत म्हणाले होते, "याला सूची नाही, अनुक्रमणिका नाही. मत्ते, मग यात शोधायचं कसं?"

तरी त्यांनी मला जीव लावला. छापील चिटाच्या कापडाची झूल शिवून घातली. संध्याकाळी मऊ फडक्याने एकेक कळ पुसायचे. पहिली काही वर्षे माझ्यासमोर रांग असायची. दहावीचे निकाल, रेल्वेची तिकिटे, नोकरीचे अर्ज. एका निकालाच्या दिवशी तर लोकांनी मला पेढा दाखवला होता. मग प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि रांग विरली. माझ्यावरची झूल आठवडा आठवडा निघेना. मनोहरराव मात्र रोज मला चालू करायचे. कोणी येवो न येवो, ते म्हणायचे, "माणसाला उठवावं तसं यालाही उठवायला हवं."

अशाच एका मंगळवारी भाग्या आली. जवळच्या गल्लीत राहणारी, सत्तावीस वर्षांची. एका तयार कपड्यांच्या कारखान्यात ती शर्टांच्या कॉलर शिवायची. पाचवा महिना लागला होता. मनोहररावांची नात हर्षिता कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि अभ्यासाला वाचनालयात बसायची. भाग्या तिच्यासमोर खुर्चीच्या कडेवर टेकली.

"गेल्या आठवड्यात म्हणाले, उद्यापासून नको येऊ. अष्टे, एवढंच," ती म्हणाली. "चिठ्ठी नाही, कागद नाही. माझ्यासारखंच सहनाला सांगितलं. ती मशीनवर माझ्या शेजारी बसते, कोटेची. आणि बटणं लावणाऱ्या तुंगाक्काला."

"कारण काय सांगितलं?"

"आमच्या तिघींची पोटं दाखवली त्यांनी. बोटानं."

भाग्याची तक्रार आधीच गेली होती. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी कामगार अधिकाऱ्यांनी दोन्ही बाजूंना बोलावले होते. कारखान्यातले शर्ट परदेशातल्या एका मोठ्या दुकानासाठी जायचे, आणि आम्ही आंतरराष्ट्रीय मानवी हक्क पाळणाऱ्यांकडूनच माल घेतो, असे त्या दुकानाने आपल्या संकेतस्थळावर लिहिले होते. आपल्या देशाचा कायदा हर्षिताला शिकवला होता. पण त्या दुकानाला लिहायचे तर जगाने काय ठरवले आहे ते नेमके दाखवावे लागणार होते. तिच्या फोनच्या इवल्या काचेवर ते शोधणे जमेना. तिने माझी झूल काढली.

मित्रांनो, किती दिवसांनी कोणीतरी माझ्याकडे काम घेऊन आले होते. मी आनंदाने, होईल तेवढ्या लवकर, शोधून पहिले पान तिच्यासमोर ठेवले. देखणे पान होते ते. वर निळी पृथ्वी, खाली ठळक अक्षरे. मातृत्व संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराने भारत बांधला गेला आहे आणि गरोदर बाईला काढले तर दोन वर्षांचा पगार द्यावाच लागतो, असे त्यावर ठामपणे लिहिले होते. हर्षिताचे डोळे चमकले. तिने ते पान लगेच भाग्याला पाठवले, भाग्याने सहनाला.

संध्याकाळी मनोहररावांनी ते वाचले.

"स्वल्प थांब गं. हे लिहिलंय कोणी?"

"नेटवर आहे आजोबा. पहिलंच आलं."

"पहिलं आलं म्हणजे खरं आलं, हौदा? होय का? पुस्तक हातात घेतलं की मी आधी आतलं पान बघतो. कोणी लिहिलं, कोणी छापलं, कोणत्या साली. याचं आतलं पान कुठाय?"

दोघांनी पान खालपर्यंत नेले. लेखकाचे नाव नव्हते, तारीख नव्हती, मूळ कराराचा दुवा नव्हता. तळाशी कुठल्याशा शिकवणीची जाहिरात होती. मग हर्षिताने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे स्वतःचे संकेतस्थळ उघडले. कोणत्या देशाने कोणता करार मान्य केला, याची यादी तिथे होती. भारताच्या नावाखाली ती वरून खाली गेली आणि पुन्हा खालून वर आली. करार खरा होता. भारताने तो मान्य केलेलाच नव्हता. दोन वर्षांच्या पगाराचे तर करारातही नाव नव्हते.

तिने घाईने भाग्याला फोन लावला, पण उशीर झाला होता. सहना दुपारीच कारखान्यात गेली होती. ते पान तिने चारचौघांत तिथल्या कारखान्याच्या अधिकाऱ्यापुढे धरले. त्याने आपल्या फोनवर पाहिले आणि हसून सगळ्यांना सांगितले की हिला खोटे कागद कोणी शिकवले ते विचारा. सहना तशीच बसने माहेरी, एच. डी. कोटेला निघून गेली.

त्या दिवशी मला फार लाज वाटली. खोटे पान मी किती झळझळीत दाखवले होते. माझ्या काचेवर खऱ्याला वेगळा उजेड नसतो आणि खोट्यावर डाग दिसत नाही. ते ओळखायचे डोळे माझ्याकडे नाहीत.

हर्षिता दोन दिवस आलीच नाही. शुक्रवारी सकाळी ती एकटीच बसने कोटेला गेली. तिथे काय झाले ते तिने शनिवारी माझ्यासमोर बसून आजोबांना सांगितले. सहनाने तिला बसायला चटई दिली, पाणी दिले. हर्षिता म्हणाली, चूक माझी होती, मी न तपासता पाठवलं. सहना बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, मी आता त्या दारात पाय ठेवणार नाही. भाग्यासाठी लढा. फक्त माझं नाव कुठे घालू नका.

"नाही घालणार म्हटलं मी," हर्षिता म्हणाली.

मनोहररावांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "मग आता बरोबर शोध," एवढेच ते म्हणाले.

तेवढ्यात देवश्री आली. मनोहररावांनी तिला फोन केला होता. आता तिच्या केसांत एक पांढरी बट आली होती, पण माझ्या कळांवर तिची बोटे पूर्वीसारखीच पडली. तिने हर्षिताला दाखवले, की साऱ्या जगात शोधण्याऐवजी एकाच संस्थेच्या संकेतस्थळापुरते कसे शोधायचे.

"सगळ्या बाजारात हिंडत बसण्यापेक्षा ज्याचा माल त्याच्याच दुकानात जायचं," ती म्हणाली.

मग चौघांची दुपार माझ्यासमोर गेली, कारण भाग्याही येऊन बसली होती. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर स्त्रियांवरील भेदभाव संपवण्याचा करार मिळाला. त्याच्या अकराव्या कलमात स्पष्ट लिहिले होते, की गरोदरपणाच्या कारणावरून कामावरून काढण्यास देशांनी बंदी घालावी. तोच मजकूर एका परदेशी विद्यापीठाच्या ग्रंथालयातही होता, पण तिथली देशांची यादी जुनी निघाली, म्हणून ती सोडली. दोन मानवी हक्क संस्थांचे अहवाल मिळाले. त्यांतल्या तळटिपा धरून हर्षिता मूळ कागदांपर्यंत गेली. एका अहवालाची टीप कुठेच पोचेना, तेव्हा तिने तो बाजूला ठेवला. आदल्या मंगळवारची हर्षिता ही नव्हती.

शेवटी करारांची अधिकृत नोंदवही उघडली. भारत, मान्यता १९९३.

"आहे," हर्षिता म्हणाली. मग तिचा चेहरा उतरला. "थांबा. नावाबरोबर टीप आहे. भारताने काही कलमांना अटी घातल्यात."

भाग्याने पदराचे टोक मुठीत धरले. मी ते पान उघडायला घेतले आणि माझा पंखा घरघरला. माझे अंग तापले होते. मनोहररावांनी उठून टेबलफॅन माझ्या पाठीशी लावला आणि आजारी माणसाजवळ बसावे तसे माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. मी सारा जोर लावला. पान उघडले. अटी पाचव्या कलमावर होत्या, सोळाव्यावर होत्या, एकोणतिसाव्यावर होत्या. अकराव्यावर एकही नव्हती.

हर्षिताने ते कलम भाग्याला आधी कन्नडमध्ये आणि मग मराठीत वाचून दाखवले. भाग्या म्हणाली, "परत एकदा वाच." दुसऱ्यांदा ऐकल्यावर ती माझ्या काचेकडे बघून हळूच म्हणाली, "एवढ्या लांब बसून कोणीतरी आमचा विचार केलेला. आम्हाला गोत्तेच नव्हतं." गोत्ते म्हणजे ठाऊक. तिला रडू आले नाही, पण देवश्रीने मान दुसरीकडे वळवली.

पुढचे चार दिवस अर्ज लिहिला गेला. पहिल्या खर्ड्यात सवयीने तिघींची नावे आली होती. हर्षिताने सहनाचे नाव काढून फक्त 'एक सहकारी' असे लिहिले. आपल्या देशाचा प्रसूतीचा कायदा आधी, मग अकरावे कलम, मग त्याच कलमाचा आधार घेणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. प्रत्येकाखाली ते कोठे मिळाले, कोणत्या तारखेला पाहिले, हेही.

शुक्रवारी हर्षिता भाग्याला घेऊन कामगार अधिकाऱ्यांकडे गेली तेव्हा मी इथेच होतो. जे ऐकले ते सांगतो. कारखान्याचा तोच अधिकारी बोलला, "या वेळी कुठल्या पानावरून उतरवलंत?" हर्षिताने कागद पुढे केला आणि म्हणाली, "पत्ता लिहिलाय. आत्ता उघडून बघा." त्याने उघडून बघितले. कामगार अधिकाऱ्यांनीही बघितले. त्यानंतर तो हसला नाही. तीच कागदपत्रे परदेशातल्या दुकानाला गेली आणि तीन आठवड्यांनी, कारखान्याला जाब विचारला आहे, असे त्यांचे उत्तर आले. कारखान्याने भाग्याला आणि तुंगाक्काला कामावर परत घेतल्याचे लेखी दिले, पगारी रजाही दिली.

सहना परतली नाही. हर्षिता अजून अधूनमधून तिला फोन करते. कधी ती उचलते, कधी नाही.

भाग्याला मुलगी झाली. दर रविवारी ती लेकीला घेऊन येते, सोबत कारखान्यातल्या आणखी दोघी-तिघी. मनोहररावांनी वहीत विश्वासाच्या संकेतस्थळांचे पत्ते कन्नड आणि मराठीत लिहून ठेवले आहेत. बाळ रांगत येऊन माझी तार ओढते आणि तिला कोणी रागावत नाही.

मित्रांनो, आता मी फार थकलो आहे. पान उघडायला घेतो तेवढ्यात माणसाचा चहा पिऊन होतो. वाचनालयाला नवा संगणक मिळणार असल्याचे ऐकतो, आणि ते योग्यच आहे. त्याच्याजवळ बसाल तेव्हा घाई करू नका, कारण त्याचे पान उघडायला क्षण लागेल, पण चुकीच्या पानाने एखादीचे दार कायमचे बंद होऊ शकते.

आणि माझी एवढी एक विनंती आहे. मला भंगारवाल्याच्या हवाली करण्याआधी मनोहररावांना आठवण करा. माझ्या पोटात त्या अर्जाचा पहिला खर्डा अजून आहे. त्यात कोटेच्या त्या मुलीचे खरे नाव आहे (तुम्हाला मी सहना म्हटले, ते बदललेले), आणि ते कुठे जाऊ नये असे तिने सांगितले होते. माझे काहीही करा, पण तेवढे नाव आधी पुसा.