एक अट कमी

आमच्या बाबांनी जन्मात कुणाला सरळ उत्तर दिलं नाही. आयुष्यभर वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत कोडी रचली आणि घरीही तोच धंदा. मीठ कुठंय विचारलं तर म्हणायचे, "साखरेच्या डावीकडे नाही आणि चहाच्या वरही नाही." आई वैतागून अळणीच जेवायची.

म्हणून तर डॉक्टरांच्या खोलीत मला धास्ती होती. घरी बाबांच्या हातून दोनदा गॅस चालू राहिला होता. त्यांनी यापुढे एकटं राहायचं की माझ्याकडे यायचं, हे डॉक्टर आज ठरवणार होते. बाबांना माझ्याकडे यायचं नव्हतं. आणि खरं सांगते, ते पास व्हावेत असं मलाही वाटत होतं. माझ्या बापाचं डोकं चालेनासं होईल, छे, हे मनाला पटतच नव्हतं.

"आज वार कोणता?" डॉक्टरांनी विचारलं.

"उद्याच्या दुसऱ्या दिवशी शनिवार," बाबा म्हणाले.

मी मनातल्या मनात उलटं मोजलं. गुरुवार, बरोबर. माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनाही गंमत वाटली असावी.

"आणि ह्या कोण?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

बाबांनी मला नीट न्याहाळलं. "ह्यांच्या वडिलांची जी मुलगी माझ्या डावीकडे बसलीय, त्याच ह्या. ओळखा."

"म्हणजे तुमची मुलगी," डॉक्टर खूश होऊन म्हणाले. "तल्लख आहेत हो तुमचे बाबा." त्यांनी पेन उचललं.

मीही हसले, आणि हसता हसता गार पडले. कोडं सोडवण्याआधी सगळ्या अटी दिल्यात का ते बघायचं, हे मला बाबांनीच शिकवलं होतं. कुठलीही बाई तिच्या वडिलांची मुलगीच असते. ते वडील कोण, हे बाबांनी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या समोरच्या भिंतीवर रोज पान फाडायचं कॅलेंडर होतं, त्यावर ठळक अक्षरांत गुरुवार. ते मला आत्ता दिसलं.

मी गप्प बसले असते तर ते संध्याकाळी आपल्या घरी असते. आपल्या घरी, एकटे, त्या गॅसपाशी.

"बाबा," मी म्हटलं, "एक अट राहिली. ह्यांचे वडील कोण?"

बाबा ओशाळून हसले. मग त्यांनी आयुष्यातलं पहिलं सरळ उत्तर दिलं.

"ते मला नाही माहीत, बाई. तुम्हीच सांगा."