बयनाच्या माहेरचा परीक्षक

“गाव कोनतं जी साहेब तुमचं?” सुपातली तूरडाळ पाखडता पाखडता बयनाबाईने विचारलं, आणि मारोतराव बोलून गेले, “चिंचघाट.”

बोलून गेले आणि तिथेच फसले. उभा जन्म आदिलाबादेत गेलेला माणूस. घर तिथे, रेशनकार्ड तिथे, मतदान तिथे. ‘आदिलाबाद’ म्हटलं असतं तर कोण खोटं पाडणार होतं? पण आपल्याकडे माणसाला गाव विचारलं की तो राहतो ते गाव सांगत नाही, जन्मला ते सांगतो. मारोतरावांचीही जीभ त्याच वळणाची.

बयनाबाईच्या हातातलं सूप थांबलं.

“चिंचघाटचे? कोनाचे तुमी?”

“विठोबा पाटलांचा धाकला. तुमाले कसं ठाऊक चिंचघाट?”

“मी रामजी सुताराची बयना न जी! तुमच्या वाड्याच्या मांगं आमचं घर होतं!” सूप तसंच टाकून ती उठली आणि वाकून त्यांच्या पाया पडली. मारोतराव दोन पावलं मागे सरले, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आता हे मारोतराव कोण, ते सांगायला हवं. बस डेपोत टायर विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले. झिजलेलं टायर गाडीला लावू दिलं नाही म्हणून कैक साहेबांची बोलणी खाल्लेला, पण टायर काही लावू न दिलेला माणूस. निवृत्तीनंतर घरात बसून बायकोच्या, म्हणजे गयाबाईच्या, फोडणीत चुका काढत होते, म्हणून तिनेच त्यांना बाहेर पिटाळलं. हैदराबादची एक संस्था लहान लहान उद्योगांना दरवर्षी गुणवत्ता पुरस्कार देते. परीक्षक सगळे स्वयंसेवक, बिनपगारी. मारोतरावांनी तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं, गळ्यात ओळखपत्र आलं आणि माणूस पुन्हा ताठ चालू लागला. मोहल्ल्यात कोणी विचारलं की सांगायचे, “परीक्षक हाये मी,” आणि ओळखपत्र सदऱ्याच्या आतून बाहेर काढायचे.

परीक्षकाचे नियम त्यांना तोंडपाठ. जिथे तपासायला जायचं तिथे नातं नको, व्यवहार नको. त्यांचं खायचं नाही, घ्यायचं नाही. मनातले गुण कोणाला सांगायचे नाहीत, काम संपल्यावरसुद्धा नाही. मारोतराव पाण्याची बाटलीही घरून नेत. गयाबाई चिडवायची, “एवढं सोवळं तर माह्या सासूनंबी नाही पाळलं बापा!”

तर बाजारहत्नूरच्या पुढच्या त्या कवठा गावात बायकांची डाळमिल होती. बयनाबाई अध्यक्षा. पुरस्कार मिळाला तर वसतिगृहांना डाळ पुरवायचं काम मिळणार होतं आणि मिल बारा महिने चालणार होती. मारोतरावांबरोबर दुसरी परीक्षक मंचेरियलची रजिता मॅडम, वयाने त्यांच्या मुलीएवढी. ती तिकडे वजनकाटा तपासत होती, इकडे हे असं होऊन बसलं.

मिलमधल्या बाया भोवती गोळा झाल्या. एका म्हातारीने हनुवटीला हात लावला. “अवं माय! बयनाचा भाऊ आला वं!”

बयनाबाई हसत होती आणि डोळे पुसत होती, दोन्ही एकदम. तिचा बाप गेला, भावांनी घर विकून नांदेड गाठलं, त्यानंतर चिंचघाटचं कुत्रंही तिच्या दारात आलं नव्हतं. ‘हिले माहेर नाही’ हे तिने सासूकडून ऐकलं, जावांकडून ऐकलं, मिलमध्ये भांडण झालं की तिथेही ऐकलं. मारोतराव पाटलांचे, ती सुताराची. पण गावची लेक ती सगळ्या गावाची. तिच्या दारात गावचा कोणीही गेला तरी भाऊच.

घर मिलला लागूनच. ती आत गेली आणि ताट घेऊन आली. ज्वारीची भाकर, वरण, कांदा.

“बसा दादा.”

“बयनाबाई, मले नाही चालत. आमचा नियम हाये. तुमचं पानीबी नाही चालत.”

मागून कोणीतरी हळूच म्हणालं, “पाय बाई, माहेरचा मानूस आला तोबी बिनजेवता चालला.”

बयनाबाईने ते ऐकलं. ताट मात्र मागे घेतलं नाही, धरून उभी राहिली. तिच्या तोंडाकडे मारोतरावांना पाहवेना. साहेबांपुढे न वाकलेला माणूस, पण इथे वाकला. ते खाली बसले आणि जेवले. अर्धी भाकर नव्हे, सगळी. वरण पुन्हा मागून घेतलं. काऊन की आता जेवायचंच तर भावासारखं जेवावं, हातचं राखून कशाला!

परतीच्या वाटेवर जीपमध्ये रजिता हिंदीत म्हणाली, “सर, एक रोटी की तो बात है. मैं किसी को नहीं बोलूँगी.”

“रोटी की बात नहीं है, बेटा,” मारोतराव म्हणाले. पुढच्या गावात जीप थांबवून त्यांनी हैदराबादला फोन लावला.

“मॅडम, मी आज बहिणीच्या घरी जेवलो.”

फोनवरच्या मॅडम मूळच्या नागपूरच्या, मराठी बोलायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “सख्खी बहीण?”

“नाही. गावची.”

“मग काय हरकत आहे? जेवणाबद्दल समज देऊन सोडू. नियमात रक्ताचं नातं, लग्नाचं नातं आणि व्यवहार, एवढंच लिहिलंय. गाव नाही लिहिलं.”

“लिहिणाऱ्याला गाव नसंल, मॅडम.”

“मारोतराव, नीट विचार करा. तुम्ही नातं सांगितलंत तर आजची दोघांचीही तपासणी रद्द होते. दुसरे परीक्षक यंदा उरले नाहीत. त्या बायकांचं वर्ष जाईल.”

मारोतरावांना हे कळत नव्हतं असं थोडंच आहे? रस्त्यापलीकडे एक बाई टोपलीत जांभळं घेऊन बसली होती, तिच्याकडे ते उगाच बघत राहिले.

“मॅडम, तिच्या मिलात उणं दिसलं तर माझा हात थांबंल. चांगलं दिसलं तर ते चांगलंच हाये का माझ्या बहिणीचं हाये, ते मले कळनार नाही. नातं हाये. लिहून घ्या.”

तपासणी रद्द झाली. मारोतरावांनी ओळखपत्र पाकिटात घालून परत पाठवलं. मॅडमनी ‘पुढच्या वर्षी या’ म्हटलं, पण ते गेले नाहीत. मिलला पत्र गेलं, त्यात एवढंच की परीक्षकाच्या नात्यामुळे यंदा विचार होणार नाही. मिलला किती गुण द्यायचे त्यांच्या मनात होतं, ते त्यांनी गयाबाईलाही सांगितलं नाही. तेव्हा आपणही विचारू नये.

पुरस्काराचा हंगाम सरला, मग दिवाळी आली. मारोतरावांनी एक चांगला हिरवा खण घेतला आणि भाऊबीजेला बस धरून कवठ्याला गेले. वाटेत कितीदा वाटलं की उतरावं आणि माघारी फिरावं.

सणाचा दिवस, तरी मिल चालू होती. अध्यक्षेच्या खुर्चीवर दुसरीच बाई बसलेली. तिने मारोतरावांना ओळखलं आणि मान फिरवली. बयनाबाई मागच्या पडवीत चाळणीपुढे बसून डाळीतले खडे वेचत होती.

“या दादा,” ती म्हणाली, पण उठली नाही.

“खुर्ची सोडली का तू?”

“सोडली नाही, काढली. वसतिगृहाचं काम आदिलाबादच्या सेठकडे गेलं. दोघीजनी मिल सोडून गेल्या. मंग बाया कोनावर राग काढतीन?” ती बोलत होती आणि बोटं खडे टिपत होती. “दादा, आमचं काही चुकलं होतं का जी? तेवढं तरी सांगा.”

“ते सांगता येत नाही, बयना.”

“आताबी?”

“आताबी.”

तिला राग आला असता तर बरं झालं असतं, असं मारोतरावांना वाटलं. पण ती हसली, अगदी थोडं.

“पयले म्हनत, बयनाले माहेर नाही. आता साऱ्या गावात म्हनतेत, बयनाच्या माहेरानं घात केला.” तिने हातातले खडे बाजूला टाकले. “मंजे हाये न दादा मले माहेर. त्यायनंच कबूल केलं.”

मारोतरावांनी पिशवीतून खण काढून पुढे केला. बयनाबाईने पदर पसरून तो घेतला, डोळ्यांना लावला आणि आत हाक दिली, “माहेरचा खण आला वं, पायता का?”

आतून कोणी आलं नाही. मशीन चालत राहिली. बयनाबाईने खण कमरेला खोचला आणि पुन्हा चाळणीवर वाकली. मारोतरावांनी चपला काढल्या, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि तिच्या शेजारी बसून खडे वेचू लागले.