एकही हार न आवडलेली मुलगी

मी एक जुना आरसा आहे, मित्रांनो. ताटलीएवढा गोल, लाकडी मुठीचा. एका सराफाने मला दुकानात आणले. गिऱ्हाइकाने गळ्यात हार घातला, की तो मला समोर धरी. नवा हार घातलेले माणूस आधी हार पाहते, मग स्वतःला, आणि मग गालांतल्या गालांत हसते. ते हसू दिसले, की पसंती झाली! "हा आरसा म्हणजे माझा निम्मा भागीदार," असे सराफ सगळ्यांना सांगे.

एके दिवशी शिवणकाम करणारी एक बाई आपल्या बारा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. बाई फार खंगली होती. दुकानाच्या दोन पायऱ्या चढतानाच तिला धाप लागली.

"हिच्यासाठी हार हवाय," ती म्हणाली. "आत्ता नाही घालायची ती. मोठी झाल्यावर."

तिने पिशवीतून टेप काढली, लेकीचा गळा मोजला आणि दोन बोटे जास्त धरली.

"वाढत्या अंगाचं माप असंच घेतात," ती सराफाला म्हणाली.

सराफाने एकेक हार काढला. बारीक मण्यांचा, पानांच्या नक्षीचा, पिळाचा. मुलगी प्रत्येक वेळी नाक मुरडायची. हा जड आहे. हा टोचतो. हा म्हातारा दिसतो.

चार आठवडे त्या दोघी येत राहिल्या. चौथ्या वेळी बाईला उभेही राहवेना. सराफाने तिला स्वतःची खुर्ची दिली.

"ताई, सगळी कपाटं पालथी घातली," तो म्हणाला. "आता माझा चष्माच तेवढा दाखवायचा राहिलाय!"

बाई हसली, आणि हसता हसता खोकू लागली. तेव्हा मात्र सराफाला राहवले नाही.

"अगं, आईचे हाल बघ जरा. कर ना एखादा पसंत!"

मुलीने मान खाली घातली. "आई, पुढच्या आठवड्यात परत येऊ या?"

"येऊ की," आई म्हणाली.

मित्रांनो, खरे काय ते मला दिसत होते. मुलगी हाराकडे पाहतच नसे. मला सराफाकडून घेऊन, किंचित तिरके धरून ती माझ्यात आईचा चेहरा पाहत बसे.

त्यानंतर कितीतरी दिवस कोणी आले नाही. मग एका दुपारी मुलगी वडिलांबरोबर आली. ते घरांना रंग देण्याचे काम करत. त्यांच्या नखांत पांढरा रंग अडकला होता.

"हिची आई गेली," ते म्हणाले. "तिच्या मनात कोणता हार भरला होता, तेवढं सांगा. तोच द्या."

सराफ हळूच म्हणाला, "ते कळलंच नाही हो. हिला एकही आवडला नाही."

मुलीला हुंदका फुटला. "सगळे आवडले होते, बाबा! पण मी हो म्हटलं असतं, तर आईचं काम संपलं असतं. मग ती कशासाठी थांबली असती?"

वडिलांनी लेकीला जवळ घेतले.

"तिला ठाऊक होतं गं," ते म्हणाले. "दर वेळी घरी येऊन मला सांगायची, लेकीनं आज आणखी एक आठवडा मिळवून दिला."

त्या दिवशी त्यांनी हार घेतला नाही. पुढे कधी घेतला का, ते मला माहीत नाही. दुकानात दिव्यांचा उंच आरसा आला आणि मी माळ्यावर गेलो. आता माझा पारा उडाला आहे. माझ्यात चेहरा धड दिसत नाही.

एकच सल राहून गेला आहे. चार आठवडे सराफ त्या मुलीला हट्टी समजत होता, आणि मला सारे दिसूनही बोलता आले नाही. मित्रांनो, तुमच्या ओळखीत असे कोणी उगाच हट्ट करताना दिसले, तर नावे ठेवू नका. जवळ बसा, काय झाले ते विचारा. मला तोंड नव्हते. तुम्हांला आहे.